दोन वेळा सव्वीस: लूटन टाउनचं प्रकरण आणि आमच्या नेरुळच्या टीमची मीटिंग

आमची फुटबॉलची टीम नेरुळची, मुंबईच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळते, आणि मी तिचा खजिनदार. खजिनदार म्हणजे काय, तर मी दिवसा ऐरोलीत एका कंपनीत अकाउंट्स बघतो म्हणून बाकीच्यांनी "तुलाच कळतं रे हे" करत गळ्यात मारलेलं काम. मागच्या सीझनला आम्ही घसरलो, किट द्यायचा तो बिल्डर "यंदा मार्केट थंड आहे" सांगून फोन उचलेनासा झाला, आणि जूनमध्ये मीटिंग बसली तेव्हा सेक्रेटरी अण्णांनी पहिलाच विषय काढला की वर्गणी काढू आणि तीन महिन्यांसाठी दोन फॉरेनचे प्लेअर आणू.

मी म्हटलं, "अण्णा, ग्राउंडवाल्या काकांचे दोन महिन्यांचे पैसे द्यायचेत अजून."

"देऊ रे, तो कुठे पळून जातोय."

अण्णांचा दोष नाही. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी आमच्या इथेच, डी. वाय. पाटीलला खेळायची, आणि अण्णांनी तिथे फ्रान्सच्या निकोला अनेल्काला डोळ्यांनी बघितलंय. मोठं नाव आलं की लोक येतात हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलंय. लोक आले होते, खरंय, पण त्या वर्षी मुंबई सिटी आठ टीममध्ये सातवी आली हे अण्णा सांगत नाहीत. मग मी म्हटलं की पुढच्या रविवारपर्यंत थांबा, मी एका क्लबची पूर्ण केस काढून आणतो, ती ऐका आणि मग काय ते ठरवा. ती केस म्हणजे हे.

क्लब इंग्लंडचा, नाव लूटन टाउन. आता कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, त्यांच्या एका दिवसाच्या लाइट बिलात आमचा सीझन निघेल, पण गाव मात्र आपल्यासारखंच आहे. लंडनपासून तीसेक मैलांवर, पूर्वी टोप्यांचे कारखाने होते म्हणून टीमला हॅटर्स म्हणतात, आणि मोठ्या शहराला इतकं चिकटलेलं की गावातली निम्मी पोरं लंडनच्या मोठ्या क्लबांची जर्सी घालून फिरणार. आपल्याकडे वाशीपासून घोडबंदरपर्यंत जसे सगळे मँचेस्टरवाले आणि आर्सेनलवाले असतात ना, तसंच. १९०५ पासून ते केनिलवर्थ रोड नावाच्या ग्राउंडवर खेळतात, आणि बाहेरगावच्या सपोर्टर्सचा गेट अक्षरशः चाळीसारख्या घरांच्या रांगेत आहे, वर कुणाची तरी बेडरूम आणि खालून तिकीटवाले आत जातात, जिना चढला की लोकांच्या परसातली वाळत घातलेले कपडे दिसतात. शिवाय १९८५ ते १९९१ या काळात त्यांनी प्लॅस्टिकचं टर्फ टाकलं होतं, म्हणजे आज ठाण्यात नवी मुंबईत गल्लोगल्ली जे झालंय ते हे लोक चाळीस वर्षांपूर्वी करून बसलेत. १९८८ ला आर्सेनलला ३-२ हरवून लीग कप जिंकले. १९९२ ला टॉप डिव्हिजनमधून खाली गेले, आणि लगेच त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीग सुरू झाली. टायमिंग बघा. पैशाचा पाऊस सुरू व्हायच्या आदल्या दिवशी छत्री घेऊन घरी.

आता खड्डा किती खोल होता ते सांगतो, कारण "स्ट्रगलिंग क्लब" म्हटलं की लोकांना वाटतं चार मॅच हरले असतील. १९९९, २००३ आणि २००७, दहा वर्षांच्या आत तीन वेळा क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, कारभार बाहेरच्या माणसाच्या हातात. तिसऱ्या वेळेला दहा पॉइंट कापले आणि ते तिसऱ्या डिव्हिजनमधून चौथ्यात आले. मग २००८-०९ सुरू व्हायच्या आधीच तीस पॉइंट कापले. दहा फुटबॉल असोसिएशनने, कारण आधीच्या मालकांच्या काळात एजंटांचे पैसे क्लबच्या खात्यातून न देता वरच्या कंपनीतून दिले होते. वीस लीगने, कारण ज्यांचं देणं होतं त्यांच्याशी नियमाप्रमाणे जी कायदेशीर तडजोड व्हायला हवी ती न करताच क्लब बाहेर आला होता. मी अकाउंट्सवाला माणूस, मला हा भाग सगळ्यात जास्त झोंबला. मैदानावर एकही फाउल नाही, सगळं व्हाउचरमध्ये.

त्या सीझनला लूटनने ४६ मॅचमध्ये १३ जिंकल्या, १७ ड्रॉ केल्या, म्हणजे ५६ पॉइंट. टीम वाईट नव्हती. त्यातून तीस गेले, राहिले २६, आणि २६ घेऊन क्लब तळाला जाऊन प्रोफेशनल लीगच्याच बाहेर पडला, पाचव्या पायरीवर, तेव्हा तिला कॉन्फरन्स म्हणायचे. गंमत म्हणजे त्याच एप्रिलमध्ये हेच लोक लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर खालच्या डिव्हिजनवाल्यांची एक ट्रॉफी जिंकले, स्कनथॉर्पला ३-२ हरवून, आणि गावातून हजारो माणसं बघायला गेली. घर जप्त होतंय आणि दारात वरात, असा प्रकार.

हा २६ आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

मधल्या काळात क्लब विकत घेतला स्थानिक सपोर्टर लोकांनीच, कंपनीचं नावच लूटन टाउन फुटबॉल क्लब २०२० लिमिटेड. अमेरिकन अब्जाधीश नाही, अरब शेख नाही. चेअरमन झाला निक ओवेन, टीव्हीवर बातम्या देणारा माणूस, लहानपणापासूनचा लूटनवाला, आणि कारभार गॅरी स्वीटकडे. सपोर्टर्सच्या ट्रस्टला शेअर दिले, आणि २०१४ ला अजून एक गोष्ट केली की क्लबचं नाव, रंग, टोपणनाव, बोधचिन्ह यात काही बदलायचं तर त्या ट्रस्टला विचारल्याशिवाय बदलता येणार नाही. ऐकायला भावनिक वाटतं पण धंद्याच्या नजरेने बघा, उद्या हेच मालक कंटाळून निघून गेले तरी पुढचा येणारा घराचा नामफलक उखडू शकत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला टीम बंद. मुंबई एफसी २०१७ ला आय-लीगमधून खाली गेली आणि संपलीच. आपल्याकडे क्लब खाली जात नाही, बंद होतो, कारण खाली गेल्यावर त्याला धरून ठेवायला मालकाशिवाय कोणी नसतं.

बरं, आता जो भाग लोक या स्टोरीतून गाळतात तो. सगळे सांगतात लूटन पाचव्या लीगमधून प्रीमियर लीगला गेलं, पण त्या पाचव्या लीगमध्ये ते पाच वर्षं अडकून होते हे दोन ओळीत उरकतात. ते तिथे सगळ्यात मोठे होते, होम मॅचला सहा-सात हजार माणूस, बाकीच्या बहुतेकांकडे त्याच्या निम्मेही नाहीत. आणि तरी २०१० ला प्लेऑफमध्ये, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅचमध्ये, यॉर्ककडून हरले, २०११ ला फायनलला विम्बल्डनकडून पेनल्टीवर हरले, २०१२ ला फायनलला परत यॉर्ककडून हरले. दरवर्षी वाटायचं मॅनेजर बदलला की झालं. हार्फर्ड गेला, मनी आला (आडनावच मनी, क्लबकडे तेवढंच नव्हतं), मग ब्रॅबिन, मग बकल. एकाला जो प्लेअर हवा तो दुसऱ्याला नको, म्हणजे दर वर्षी अर्धी टीम नवी. मला तर ही चार वर्षं म्हणजे अण्णांची आयडिया चार वेळा करून बघितल्यासारखी वाटतात.

पण एक गोष्ट त्यांनी केली नाही, घाईला येऊन उधारीवर उडी मारली नाही. तीन वेळा हात पोळलेला क्लब चौथ्यांदा अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला नाही, हरला पण उभा राहिला. जानेवारी २०१३ ला तर एफए कपमध्ये नॉरिचला त्यांच्या घरी जाऊन १-० हरवलं, बाहेरच्या लीगच्या टीमने टॉप डिव्हिजनवाल्याला हरवायला १९८९ नंतर चोवीस वर्षं लागली होती. त्याच फेब्रुवारीत जॉन स्टिल आला, वयस्कर माणूस, याच लीगमधून आधी दोन वेगवेगळ्या क्लबांना वर काढलेला. मोठं नाव नाही, पण याच चिखलात खेळून आलेला. पुढच्या सीझनला १०१ पॉइंट घेऊन लूटन वर. त्या टीमचा स्ट्रायकर आंद्रे ग्रे हा हिंकली युनायटेड नावाच्या अजून खालच्या क्लबातून उचललेला, त्याने गोलांचा ढीग घातला आणि लगेच ब्रेंटफर्डला विकला गेला. आणि मिडफिल्डला वेस्ट हॅमकडून आधी लोनवर आलेला एक पोरगा, पेली रडक म्पांझू. त्याचं नाव पुढे येईल.

२०१४ च्या शेवटी अजून एक बातमी आहे जी मी मीटिंगमध्ये मुद्दाम मोठ्याने वाचली. फुटबॉल लीगमधल्या क्लबांपैकी लूटनने पहिल्यांदा असं जाहीर केलं की आमच्याकडे साफसफाईवाला असो की गेटवरचा, प्रत्येकाला जगण्यापुरता पगार मिळेल, सरकारी किमान वेतनापेक्षा वरचा. चौथ्या डिव्हिजनचा क्लब, नुकता वर आलेला. अण्णा तेव्हा चहात बिस्कीट बुडवत होते.

आता पैशाच्या गोष्टीकडे येतो, खरा मसाला इथे आहे. लूटनने विकत घेतलेला सगळ्यात महाग प्लेअर कोण होता माहितीये, लार्स एल्स्ट्रप, १९८९, साडेआठ लाख पौंड. हा रेकॉर्ड तीस वर्षं टिकला. तीस वर्षं! तेवढ्यात फुटबॉलचे भाव कुठल्या कुठे गेले आणि यांची वही तिथेच. २०१६ ला नेथन जोन्सला मॅनेजर केलं, ब्रायटनचा कोच, स्वतः कधी मॅनेजर नव्हता. २०१८ ला चौथ्यातून तिसऱ्यात, २०१९ ला तिसरी जिंकून दुसऱ्यात. त्यातही जानेवारी २०१९ ला जोन्स स्टोकला निघून गेला, पण मिक हार्फर्डने उरलेला सीझन सांभाळला आणि चॅम्पियन झाले. हाच तो हार्फर्ड, जो १९८८ च्या कप फायनलला लूटनकडून खेळला, तीस पॉइंटच्या वर्षी मॅनेजर होता, आणि नंतर क्लबमध्ये प्लेअर शोधायचं काम बघायचा. १९९१ ला तर हा डर्बीकडून खेळत होता आणि शेवटच्या दिवशी लूटनविरुद्ध स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला, लूटन वाचलं. लोक अजून हसत डोळा मारतात.

मुद्दा काय, तर मॅनेजर जातो, पण प्लेअर निवडणारी माणसं जात नाहीत. कसला प्लेअर हवा, उंच, पळणारा, दुसऱ्या बॉलला (म्हणजे टक्करीतून सुटलेल्या बॉलला) आधी पोचणारा, हे मॅनेजरच्या डोक्यात नाही, क्लबच्या डोक्यात आहे. कॉन्फरन्सच्या चार वर्षांत जे नव्हतं ते हेच, आणि माझ्या मते खर्चाची सगळ्यात मोठी बचत इथेच झाली, कारण नवा साहेब आला की फर्निचर बदलायचं बंद झालं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जोन्स (मधे तो परत आलेला) साउदॅम्प्टनला गेला तेव्हा त्यांनी रॉब एडवर्ड्सला घेतलं, ज्याला शेजारच्या वॉटफर्डने, म्हणजे लूटनच्या जन्माच्या वैऱ्याने, अकरा मॅचमध्ये हाकललं होतं. त्याने टीम तीच ठेवली आणि वर नेली.

आणि खरेदी कुठून करायची, तर बुडत्या दुकानातून. यादी बघा. कॅप्टन टॉम लॉकयर चार्लटनकडून, चार्लटन नुकतंच खाली गेलेलं. कार्ल्टन मॉरिस बार्न्स्लीकडून, बार्न्स्लीही नुकतंच खाली गेलेलं, आणि त्याने पहिल्याच सीझनला वीस लीग गोल केले. जॉर्डन क्लार्क अ‍ॅक्रिंग्टनचा, करार संपलेला, म्हणजे फुकट. अडेबायो वॉल्सॉलकडून, चौथ्या डिव्हिजनमधून थेट दुसऱ्यात. क्लब बुडाला म्हणून त्यातला प्रत्येक माणूस बुडालेला नसतो, पण बाजारात त्याचा भाव मात्र पडलेला असतो. एपीएमसीला संध्याकाळी सहानंतर भाजी घ्यायला जाणाऱ्याला हे समजवायची गरज नाही. फक्त कुठली जुडी आतून सडलीये हे ओळखणारी नजर लागते, आणि ती नजर एका सीझनमध्ये येत नाही.

चुकाही झाल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात जेम्स जस्टिनला, लूटनमध्येच जन्मलेला अकॅडमीचा पोरगा, लेस्टरला विकला, जॅक स्टेसीला बोर्नमथला विकला, आणि आलेल्या पैशातून सिमोन स्लुगा नावाचा गोलकीपर आणला, एल्स्ट्रपचा तीस वर्षांचा रेकॉर्ड शेवटी त्याच्यावर मोडला. सुरुवातीला त्याने अशा चुका केल्या की लोकांनी डोक्याला हात लावला. टीम तळाशी गेली, मॅनेजर ग्रेम जोन्स लॉकडाउनमध्ये गेला, आणि क्लबने काय केलं तर सोडून गेलेल्या नेथन जोन्सलाच परत बोलावलं. सपोर्टर चिडलेले, गद्दार वगैरे. तो आला, शेवटच्या दिवशी टीम वाचली. नाक कापलं गेलं असं वाटलं तरी माणूस बरोबर असेल तर घ्यावा, हे मला आवडलं, आमच्याकडे तर जुना कोच समोरून आला की लोक सेक्टर बदलतात.

२७ मे २०२३, वेम्बली, प्रीमियर लीगला जायची प्लेऑफ फायनल, समोर कॉव्हेंट्री. पाच वर्षांपूर्वी हे दोन्ही क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये होते. सुरुवातीलाच लॉकयर मैदानात कोसळला, हॉस्पिटलात नेला, क्लार्कने गोल केला, फुकट आलेला तो क्लार्क, कॉव्हेंट्रीने बरोबरी केली आणि पेनल्टीवर लूटन ६-५. म्पांझू हा एकाच क्लबबरोबर पाचव्या लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत गेलेला पहिला प्लेअर. त्या एका मॅचची किंमत डेलॉइटने किमान १७ कोटी पौंड लावली होती, आणि आता ही घरं-चिकटलेली ग्राउंड टीव्हीच्या नियमात बसवायला एक स्टँड नव्याने बांधावं लागलं, साधारण एक कोटी पौंड, तेही वेळेत झालं नाही म्हणून पहिली होम मॅच पुढे ढकलली.

प्रीमियर लीगला काय झालं? ६ जिंकल्या, ८ ड्रॉ, २४ हरल्या. २६ पॉइंट. खाली.

परत तोच आकडा, आणि मी ही केस ज्याच्यासाठी काढली ते इथे आहे. पुढच्याच वर्षी ते अजून एक पायरी घसरले, २०२५ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. एडवर्ड्स गेला, ब्लूमफील्ड आला आणि गेला, ऑक्टोबरमध्ये जॅक विल्शेर आला. म्हणजे मॅनेजर बदलायचा जुना रोग परत दिसला. बार्कली व्हिलाला गेला, ओगबेने इप्सविचला, मॉरिस डर्बीला, म्हणजे जे लूटन बुडत्या दुकानातून माल उचलायचं तेच आता दुकान झालं. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "मग काय उपयोग, गेलेच ना परत खाली?"

पहिल्या २६ ला त्यांच्याकडे तीस पॉइंटची शिक्षा होती, देणेकरी दारात होते, आणि क्लब राहील की नाही हाच प्रश्न होता. दुसऱ्या २६ नंतर दोन वेळा घसरूनही पगार निघतायत, गावाच्या मध्यावर पॉवर कोर्टला २५ हजारांच्या नव्या स्टेडियमची परवानगी २०२४ च्या शेवटी हातात आहे, नाव-रंग सपोर्टर्सकडे शाबूत आहेत. मैदानावर दोन्ही वेळा हरलेच. पण पहिल्या वेळेला पडले ते गच्चीवरून आणि दुसऱ्या वेळेला जिन्यावरून, आणि जिना त्यांनी पंधरा वर्षं एकेक पायरी करून स्वतः बांधला होता. कमी खर्चात क्लब उभा करायचा म्हणजे वर किती गेलो ते कमी आणि पडल्यावर किती लागलं ते जास्त बघायला हवं, असं माझं आपलं मत. कोच सरांना पटलं नाही, ते म्हणाले, "वर न जाता पडायची तयारी कसली करताय." त्यांचंही बरोबर असेल.

मीटिंग दीड तास चालली, दोन वेळा कटिंग झाली. फॉरेनचे प्लेअर रद्द झाले असं नाही, अण्णांनी "पुढे बघू" असं लिहून घेतलंय. पण तीन गोष्टी ठरल्या. वर्गणीतून आधी काकांचे दोन महिने चुकते करायचे. सीझनला जास्तीत जास्त किती खर्च, हा आकडा आधी वहीत लिहायचा आणि त्यावर तिघांच्या सह्या, आणि ती वही माझ्याकडे नाही, कोच सरांकडे राहील म्हणजे मीही मधेच फुगवणार नाही. तिसरं, शेजारच्या सेक्टरची जी टीम या वर्षी बंद पडली तिच्या पोरांना रविवारी सकाळी सहाला ट्रायलला बोलवायचं.

काकांना पैसे द्यायला मी आणि अण्णा दोघे गेलो. काकांनी नोटा मोजल्या, खिशात टाकल्या आणि म्हणाले, "गोलपोस्टच्या मागची जाळी फाटलीये, सांगितलं होतं मी." अण्णा म्हणाले, "किती लागतील?"

रविवारी अकरा पोरं आली. त्यातला एक डावखुरा आहे, स्टड्स फाटलेले, पण दुसऱ्या बॉलला तोच आधी पोचत होता.